काव्यवाचन, कविसंवाद आणि श्रोत्याचा अधिकार

साहित्यसंमेलन कोठेही भरो, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन गोष्टी हमखास आढळतात. एक कविसंमेलन, दुसरी साहित्यिकाची प्रकट मुलाखत. परिसंवादाला श्रोते थोडे असले तरी ह्या दोन कार्यक्रमांना मंडप भरतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. असे असूनही आपल्या समीक्षेने ह्या दोहोंपैकी एकाचाही विचार अभ्यासविषय म्हणून फारसा केलेला नाही. कविसंमेलनाचा वृत्तान्त वृत्तपत्रात येतो आणि मुलाखतीतील एखादे खळबळजनक विधान चर्चिले जाते; परंतु कविता ऐकली गेली म्हणजे नेमके काय घडले, आणि कवीला प्रश्न विचारले गेले त्यांतून कवितेविषयी काय कळले, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात. छापलेली संहिता हीच काय ती कविता, आणि तिचे वाचन हा केवळ तिचा उत्सव, असे आपण गृहीत धरलेले असते.

प्रस्तुत लेखात ह्या गृहीताची तपासणी करावयाची आहे. काव्यवाचन आणि कविसंवाद ह्या मुळात एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे परीक्षण करण्याचा अधिकार असलेला श्रोता. आणि आजच्या संमेलनाने ह्या दोन बाजू अलग केल्यामुळे तो श्रोता केवळ टाळ्या वाजविण्यापुरता उरला आहे, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी हिंगोली जिल्ह्याचा परिसर निवडला आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा लहानसा जिल्हा. परंतु श्राव्य कवितेची एक दीर्घ परंपरा ह्या भूमीशी निगडित आहे, आणि आजच्या मराठी कविसंमेलनांत गाजलेले दोन कवीही ह्याच मातीतले आहेत.

प्रथम एका जुन्या साक्षीदाराकडे वळू. हिंगोलीच्या उत्तरेस लागून असलेले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या आगेमागे होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह ह्याच नगरात लावून दिला आहे. ही रूपककथा सर्वपरिचित आहे. तथापि त्याच ग्रंथातील काव्यपाठाचा विचार मात्र आपण दुर्लक्षिला. काव्य रचणे एक वेळ अभ्यासाने साधते, पण ते म्हणून दाखविणे ज्याला सरस्वती सिद्ध आहे त्यालाच जमते, असा राजशेखराचा अभिप्राय आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील लोक काव्य कसे म्हणतात ह्याची तो नोंद घेतो. कविसभेत संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश आणि भूतभाषा ह्यांच्या कवींनी कोणत्या दिशेस बसावे हेही सांगतो. महत्त्वाचे असे की ही सभा त्याच्या दृष्टीने काव्यपरीक्षेची सभा आहे. प्रतिभेचे त्याने दोन प्रकार मानले. कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. ह्या भावकांतही त्याने भेद केले. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, जो गवतासकट सारेच गिळतो तो सतृणाभ्यवहारी, ज्याला दुसऱ्याचा गुण सोसत नाही तो मत्सरी, आणि जो तत्त्वाशी भिडतो तो तत्त्वाभिनिवेशी. आजच्या कोणत्याही मंडपात हे चौघेही सापडतील. पण चौथ्याला बोलण्याची संधी देणारी रचना आपल्याकडे आहे काय, हा प्रश्न आहे.

राजशेखराची आणखी एक सूचना मार्मिक आहे. नवी रचना एकट्यादुकट्यासमोर म्हणू नये. कारण ऐकणाऱ्याने ती आपलीच म्हणून सांगितली तर साक्षीदार कोठून आणावा, असे तो बजावतो. ह्यातील व्यावहारिक शहाणपण बाजूला ठेवले तरी एक तत्त्व हाती लागते. सार्वजनिक काव्यपाठ हा कवीच्या कर्तृत्वाचा पुरावा होय आणि श्रोता त्याचा साक्षी होय. साक्षीदाराला पाहण्याचा, ऐकण्याचा आणि सांगण्याचा असा तिहेरी अधिकार असतो.

हा अधिकार संतांच्या मेळाव्यात अधिक व्यापक झालेला दिसतो. हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कऱ्हाडजवळचे नरसिंगपूर आणि पंढरपूर ह्यांचाही दावा मांडला गेला आहे. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. नामदेवांच्या स्मृतीने हा परिसर आपली ओळख घडविली, एवढी गोष्ट आपल्या विवेचनास पुरेशी आहे. नामदेवांचे नाव कीर्तनाशी अभिन्न जोडलेले आहे, आणि कीर्तन ही ऐकण्याची कला आहे. ख्रिश्चन ली नोव्हेत्सके ह्या अमेरिकी अभ्यासकाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेव-परंपरेचा विचार ह्याच अंगाने केला. पोथी आणि बाड ह्यांत तो भेद करतो. पोथी जपण्यासाठी व पूजेसाठी. बाड हे कीर्तनकाराच्या हाताशी असलेले टाचण, जे प्रयोगासाठी असते व प्रयोगागणिक बदलते. नामदेवांच्या नाममुद्रेने अनेक शतके अनेकांनी रचना केल्या, ह्याचे कोडेही ह्यामुळे उलगडू लागते. जी कविता प्रयोगात जगते तिची मुद्रा त्या प्रयोगाच्या परंपरेची होते.

ह्या परंपरेतील दोन कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत. त्या इतिहास म्हणून नव्हे, तर काव्यव्यवहाराविषयीच्या समाजाच्या कल्पना म्हणून वाचाव्यात. पहिली कथा औंढा नागनाथची. देवळासमोर चाललेले नामदेवांचे कीर्तन पुजाऱ्यांनी बंद पाडले व त्यांना मागे पिटाळले. तेव्हा ते मागच्या बाजूस गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतही जातीवरून देवळाबाहेर काढले गेल्याचा व देऊळ फिरल्याचा प्रसंग येतो. स्थळाचा उल्लेख मात्र तेथे नाही. ह्या कथेचा काव्यशास्त्रीय आशय असा, की व्यासपीठ कोठे आहे हे ज्याच्या हाती व्यवस्था आहे तो ठरवीत नाही. गाणारा आणि ऐकणारा जेथे एकत्र येतात तेथे व्यासपीठ असते.

दुसरी कथा गोरोबांच्या थापटण्याची. संतमेळ्यातील प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कुंभाराने कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखले. इतर स्तब्ध राहिले, नामदेव रागावले, आणि त्यांचेच मडके कच्चे ठरले. महिपतीच्या १७६२ मधील 'भक्तिविजया'मुळे ही कथा घरोघर पोचली. मेळ्यातील सर्वांत लोकप्रिय गायकाची ही परीक्षा आहे, आणि ती करणारा राजसभेतील पंडित नसून एक कारागीर आहे. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले, ही भेट परंपरेने औंढ्याच्याच देवळाशी जोडलेली आहे. लोकप्रियता आणि पक्वता ह्या भिन्न गोष्टी आहेत. भिन्नता दाखविण्याचा अधिकार सोबत बसलेल्यांना आहे. आणि तो निर्णय ऐकून कवीने पुन्हा शिकावयास जाणे हे कमीपणाचे नव्हे. इतके सारे ह्या एका कथेत सामावले आहे. 'तीर्थावळी'तील ज्ञानदेव-नामदेवांचा संवाद ह्याच दृष्टीने वाचता येतो. तेथे ज्ञानदेव प्रश्न विचारतात आणि नामदेव भजन, श्रवण, मनन ह्यांविषयी बोलतात. प्रकट मुलाखतीचा इतका उत्तम नमुना आपल्या वाङ्मयात विरळा. विचारणारा तोलामोलाचा आहे, आणि प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या खाजगी आयुष्याविषयी नसून तो जे करतो त्याविषयी आहे.

अर्वाचीन संमेलनाचा उगम ह्या परंपरेतून झाला नाही. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली जे ग्रंथकार संमेलन भरले, ते नावाप्रमाणेच छापील ग्रंथांच्या कर्त्यांचे होते. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले ह्यांनी पत्र पाठवून नाकारले. बहुजनांच्या हक्कांचा विचार जेथे नाही तेथे आपले जुळावयाचे नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आपल्या विषयाच्या भाषेत बोलावयाचे तर ऐकणाऱ्याला वगळणाऱ्या सभेवरील तो आक्षेप होता. कविता ऐकविण्याचा स्वतंत्र प्रघात पुढे आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात वयाची विशीही न गाठलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांनी कविता म्हटली आणि 'बालकवी' ही उपाधी मिळविली. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केले. त्याची टिंगल अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'त झाली. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगांवकर व वसंत बापट ह्या त्रयीने गावोगाव काव्यवाचन करून गायनाकडून वाचनाकडे वळण घेतले. गळ्यापेक्षा शब्दाला, सुरापेक्षा अर्थाच्या आघाताला त्यांनी महत्त्व दिले.

मराठवाड्याच्या श्रोत्याचा कान मात्र आणखी एका संस्काराने घडलेला होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मुशायऱ्याची रीत शिकलेल्या वर्गाला परिचित होती. मुशायऱ्यात श्रोता निष्क्रिय नसतो. पहिली ओळ तो उचलून धरतो, काफिया कोणता येणार ह्याचा अंदाज बांधतो, आणि मनाजोगा शेर आला की 'मुकर्रर' म्हणून तो पुन्हा मागतो. दाद ही तेथे जाणकारीची कसोटी असते. चुकीच्या जागी दिलेली दाद देणाऱ्याचेच अज्ञान उघडे करते. कीर्तनातील टाळकरी आणि मुशायऱ्यातील दाद देणारा हे दोघेही काव्याच्या घडणीत सहभागी असणारे श्रोते होत.

ह्या पार्श्वभूमीवर हिंगोली परिसरातील दोन कवींकडे पाहिले म्हणजे काव्यवाचनाची शक्ती आणि तिचा धोका दोन्ही स्पष्ट होतात.

फ. मुं. शिंदे हे कळमनुरी तालुक्यातील रुपूरचे. २०१४ साली सासवड येथे भरलेल्या ८७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची आईवरील कविता ज्यांनी एकही काव्यसंग्रह उघडला नाही अशांनाही ठाऊक आहे. तिची रचना पाहावी. व्याख्येच्या थाटाची लहान लहान विधाने, प्रत्येक आपल्यापुरते पूर्ण, आणि प्रत्येकानंतर श्रोत्याला श्वास घ्यावयास सोडलेली जागा. ही रचना कानासाठी आहे. परंतु ज्या गुणामुळे ती ऐकताना चटकन पोचते त्याच गुणामुळे तिची विधाने सुटी होऊन सुभाषितांसारखी फिरू लागतात, आणि विधानांच्या क्रमातून वाढत जाणारी पोरकेपणाची जाणीव मागे पडते. ह्याच कवीने 'फकिराचे अभंग' लिहिले. कवीचे स्वतःचे नाव अभंगाच्या नाममुद्रेच्या जागी बसविणारे हे शीर्षक नामदेवांच्या परंपरेशी थेट बोलणारे आहे. नर्सीच्या परिसरातील कवीने ही मुद्रा का उचलली, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. परंतु लोकप्रिय कवितेचीच पुन्हा पुन्हा मागणी करणाऱ्या मंडपात तो कोणी विचारावा?

इंद्रजित भालेराव हे वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे. १९८९ च्या 'पीकपाणी'पासून त्यांनी शेतीच्या कामाची, अवजारांची, नात्यांची बोली कवितेत आणली, आणि जात्यावरच्या ओवीशी नाते सांगणारी लय तिला दिली. त्यांची कविता प्रामुख्याने त्यांच्या तोंडून महाराष्ट्रभर पोचली. मित्राला आपल्या गावाकडे येण्याचे आवाहन करणारी त्यांची कविता ह्या संदर्भात फार उद्बोधक आहे. छापील पानावर तिच्यात एक बोलणारा आणि एक ऐकणारा आहे. ती पुण्यामुंबईच्या सभागृहात म्हटली जाते तेव्हा श्रोता आपोआप त्या शहरी मित्राच्या जागी बसतो. आवाहन त्याला उद्देशून असते आणि त्यातील गावाचे दुःख त्याच्यापुढे ठेवलेला आरोप असतो. तीच कविता वसमत किंवा सेनगावला म्हटली की श्रोता बोलणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. आता ते आवाहन त्याचे स्वतःचे असते आणि दुःखाची ती साक्ष असते. टाळी दोन्ही ठिकाणी पडते, पण तिचा अर्थ एकच नसतो. शहरातील टाळीत आरोपातून सुटका करून घेण्याचा सोपा मार्गही असू शकतो. गावाच्या आठवणीने डोळे पाणावले की शेतमालाच्या भावाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. हा भेद संहितेत नाही, तो वाचनात आहे. म्हणून ज्या समीक्षेपाशी केवळ संहिता आहे तिला ही कविता अर्धीच दिसते. अशा कवितेला 'मंचीय' असे विशेषण लावून तिची बोळवण करणे म्हणजे अर्ध्या पुराव्यावर निकाल देणे होय.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, श्राव्यतेचा एवढा गौरव केल्यास जी कविता मंचावर उभीच राहू शकत नाही तिचे काय? हा आक्षेप गंभीर आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेतील अर्थाची गुंतागुंत एका ऐकण्यात उलगडणारी नव्हे. निमंत्रित कवींची संख्या वाढत जाते, प्रत्येकाच्या वाट्याला एखादीच कविता येते, आणि तेवढ्यात टाळी मिळविण्याचे दडपण प्रत्येकावर असते. मग विनोदी, भावविवश किंवा घोषणावजा रचनेला झुकते माप मिळते आणि हळू बोलणारी कविता गप्प होते. परंतु हा दोष श्राव्यतेचा नव्हे. परीक्षक श्रोत्याच्या अभावाचा आहे. ऐकणाऱ्याला पुन्हा मागण्याची, थांबविण्याची, विचारण्याची मुभा असेल तर अवघड कविताही ऐकता येते. मुशायऱ्यातील 'मुकर्रर' हे त्याच मुभेचे नाव आहे.

आता प्रकट मुलाखतीकडे वळू. विमसॅट व बिअर्डस्ली ह्यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे असे मांडले, आणि नवसमीक्षेच्या प्रभावाखाली आपल्याकडेही ते मान्य झाले. विद्यापीठीय वर्गात आपण हे तत्त्व शिकवितो आणि संमेलनात मात्र कवितेचा अर्थ कवीलाच विचारतो, ही विसंगती आहे. तिची सोडवणूक मुलाखत बंद करून होणार नाही. एकरमानने १८३६ पासून प्रसिद्ध केलेले ग्योथेचे संवाद आजही वाचले जातात, ते ग्योथेने आपल्या कृतींचा अर्थ सांगितला म्हणून नव्हे, तर एक लेखक विचार कसा करतो हे त्यांतून दिसते म्हणून. लेखकाला विचारावयाचे ते अर्थाविषयी नव्हे, रीतीविषयी. हा शब्द तुम्ही वाचताना बदलता, तो का? ह्या ओळीनंतर थांबता, छापताना तेथे विराम का नाही? ही बोली शहरात म्हणताना तुम्ही टीप देता काय? असे प्रश्न कवीच देऊ शकेल अशी माहिती मिळवितात, आणि अर्थाचा अधिकार श्रोत्याकडेच ठेवतात. मुलाखतींत बहुधा विचारले जाते ते बालपण, पुरस्कार, आवडते लेखक आणि ताजा वाद. कवी समोर असतो, कविता नसते. उलट कविसंमेलनात कविता असते, पण तिला प्रश्न विचारण्याची सोय नसते. गोरोबांच्या थापटण्याखाली जे एक होते त्याचे आपण दोन मंडप केले.

ह्यात नुकसान कोणाचे? पहिले नुकसान ज्या विद्यार्थ्याची समकालीन कवितेशी पहिली भेट कानांनी होते त्याचे. आपल्या ऐकण्याला अभ्यासात काही मोल आहे हे त्याला कोणी सांगत नाही. तो घरी ऐकलेली ओवी, सप्ताहातील कीर्तन आणि संमेलनातील कविता हे सारे वर्गाबाहेर ठेवून आत येतो व परीक्षेपुरती दुसरीच भाषा शिकतो. दुसरे नुकसान कवीचे. टाळी हीच समीक्षा झाली की लोकप्रिय कवीला आपले मडके कोठे कच्चे आहे हे सांगणारा उरत नाही.

उपाय अवाढव्य नाहीत. १९९५ साली परभणीस नारायण सुर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली ६८ वे अखिल भारतीय संमेलन भरले तेव्हा हिंगोली त्याच जिल्ह्यात होती. २०१५ साली ८८ वे संमेलन सदानंद मोरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंजाबातील घुमानला गेले, ते नामदेवांच्याच वाटेने. अशा मोठ्या सोहळ्यांची रचना आपल्या हाती नाही. तथापि तालुक्याच्या महाविद्यालयांत होणारे कार्यक्रम आपल्या हाती आहेत. तेथे पंचवीस कवींऐवजी तीन कवी बोलवावेत. प्रत्येकाने एक कविता दोनदा म्हणावी. मध्ये श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत. दुसऱ्या वाचनात काय बदलले ते टिपावे. मुलाखत घेणाऱ्यापुढे कवितेची संहिता असावी. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात हा सारा परिसर येतो. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्थळ, दिनांक व श्रोतृवर्ग ह्यांच्या नोंदींसह ध्वनिमुद्रणे जमविली तर वाचनातील पाठभेद हा प्रबंधाचा रास्त विषय होईल. हस्तलिखितांतील पाठभेदांसाठी आपण पिढ्या खर्ची घातल्या. जिवंत कवीच्या तोंडचे पाठभेद आपल्यासमोर विरून जात आहेत.

संमेलन हा उत्सव आहे, पाठशाळा नव्हे, हे खरे. परंतु कीर्तनही उत्सवच होते, आणि त्यात शिकणे, तपासणे व आनंदणे ह्यांची फारकत नव्हती. औंढ्याच्या कथेत देऊळ फिरले ते गाणाऱ्याच्या दिशेने. आता फिरावयाचे आहे ते समीक्षेने, आणि तिला फिरावयाचे आहे ऐकणाऱ्याच्या दिशेने.